चढा गंधार

थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. नवीन पनवेलात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी गाण्याचे क्लास घ्यायचे. आवाजाची नस गाठीच्या अगदी जवळून जाते, क्वचित ती दुखावते, असं डॉक्टरांनी आधी नीट समजावलं होतं. मी 'क्वचित' हा शब्द ऐकला आणि सही केली. शुद्धीवर आल्यावर पाणी मागायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

"येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. आला थोडा. काही महिन्यांनी कुजबुजीच्या वर आणि बोलण्याच्या खाली असा एक घोगरा आवाज मिळाला. त्या आवाजात दूधवाल्याशी बोलता यायचं, रिक्षा थांबवता यायची नाही. गाणं तर सोडूनच द्या. सा लावायला गेले की घशात एखादं दार अर्धवट लागावं तसं व्हायचं आणि उरलेल्या फटीतून सगळा वारा निघून जायचा.

क्लास बंद करावा लागला. कुणी वाईट वागलं नाही. पालक फळं घेऊन भेटायला आले, मुलींनी शुभेच्छांची कार्डं करून आणली. माझ्याकडेच तयार झालेल्या एका विद्यार्थिनीनं लग्नानंतर खारघरला क्लास काढला होता, मीच सगळ्यांना तिच्याकडे पाठवलं. संध्याकाळ झाली की मी सवयीनं सतरंजी अंथरायचे आणि मग तिच्याकडे बघत बसायचे.

नवरा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, कधी ब्राझीलच्या बाजूला, कधी कोरियाच्या. आम्हाला मूल नाही. ऑपरेशनच्या वेळी तो रजा काढून आला होता, पण रजा संपली तसा गेला. आधी त्याचा जहाजावरून फोन आला की मी भरभरून बोलायचे, तो ऐकायचा. आता उलटं झालं. त्या फोनच्या लाइनवर माझी कुजबूज टिकायचीच नाही. यंत्राला ती खरखर वाटायची आणि ते ती गाळून टाकायचं. "अगं, आहेस ना? ऐकू येत नाहीये काही," तो म्हणत राहायचा. शेवटी त्यानंच युक्ती काढली. तो हो-नाहीचे प्रश्न विचारायचा आणि मी चमच्यानं फोनवर टकटक करायचे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"जेवलीस का?"

टक.

"बरं चाललंय ना?"

टक. चमच्यानं खोटं बोलणं फार सोपं असतं.

त्या दिवसांत एकदा कपाट आवरताना माझी इलेक्ट्रॉनिक सूरपेटी हाताला लागली. क्लास बंद झाला त्याच सुमारास तीही बंद पडली होती. दुरुस्तीला कुठं न्यायची, कुणाला काय सांगायचं, या विचारानंच दमायला झालं, म्हणून मी स्क्रू काढून ती स्वतःच उघडली. मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन केलेलं. कॉलेजात मायक्रोप्रोसेसरच्या किटवर एकेक आकडा घालून दिवे लावायचे, ते मला आवडायचं. पुढे गाणं लागलं आणि ते सगळं मागं पडलं. सूरपेटीत एक कपॅसिटर फुगलेला दिसला. कॉलेजातलं सोल्डरिंग आयर्न माळ्यावर होतं. कपॅसिटर बदलला, बटण दाबलं आणि हॉलमध्ये पुन्हा सा-प घुमायला लागला.

मी त्या सुरात दुपारभर बसले. गाता येत नसताना नुसता तंबोरा ऐकणं म्हणजे ताट वाढून समोर ठेवावं आणि हात बांधून बसवावं. पण पेटी मी दुरुस्त केली होती, ही गोष्ट मनात राहिली.

त्यानंतर मी इंटरनेटवर वाचायला लागले. दोन हजार तेरा-चौदाचा काळ होता. छोटे, स्वस्त मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आता सहज मिळत होते आणि जगभरातली माणसं त्यांच्यापासून घरबसल्या वाद्यं बनवत होती. मी शिकले तेव्हा प्रयोगशाळेतल्या अख्ख्या टेबलावर मावायचं ते आता तळहाताएवढं झालं होतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या जवळ मुलांच्या प्रोजेक्टचं सामान विकणारं दुकान होतं, तिथं गेले.

"कुठल्या सेमिस्टरला आहे मुलगा?" दुकानदारानं विचारलं.

मी घशाकडे बोट दाखवलं आणि चिठ्ठी पुढे केली. बोलता येत नाही म्हटल्यावर त्यानं आवाज चढवला, जसं काही मला ऐकूच येत नव्हतं. मी पुढे बरीच वर्षं त्या दुकानात गेले, आणि शेवटपर्यंत तो दर वेळी मुलाचा अभ्यास कसा चाललाय ते विचारत राहिला. मी मान डोलवायचे. त्या न झालेल्या मुलाचं शिक्षण असं बरंच लांबलं.

बोर्डाला छोटा बझर जोडून पहिला आवाज काढला तो डासासारखा. एकच टिपेचा, कोरडा टीं. तरी मी तो पुन्हा पुन्हा वाजवला. मग शिकत गेले. गोलाईदार सूर हवा असेल तर लहरीच्या उंचीचे आकडे ओळीनं मांडून ठेवायचे आणि बोर्डानं ते भराभर वाचायचे. जितक्या वेगानं वाचेल तितका सूर वर जातो. बाहेर येणाऱ्या आवाजात एक बारीक शिट्टी मिसळलेली असायची, ती एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून गाळायची. कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरमधून पहिल्यांदा स्वच्छ सा आला तेव्हा मी सूरपेटी लावून तो तिच्याशी जुळवत बसले. जुळला, तेव्हा दोन्ही आवाज एकमेकांत विरघळून गेले.

पण सुटे सूर म्हणजे गाणं नव्हे. मला मींड हवी होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मधली सगळी जागा ओलांडत. त्यासाठी बोट जिथं टेकेल तिथला आकडा देणारी लांबट पट्टी मागवली आणि ती लाकडी फळीवर चिकटवली. पहिला बोर्ड यासाठी अपुरा पडायला लागला, सूर सरकताना पायऱ्यांवरून ट्रंक ओढल्यासारखा आवाज यायचा. मग त्याहून बराच ताकदीचा बोर्ड आणला. आवाज बाहेर काढण्यासाठी त्याच्यावर एक वेगळा छोटा बोर्ड बसायचा. हेडफोन लावून मी त्यावर महिनोन् महिने काढले. दिवसभर कुणाशी बोलायचं नसलं की कामाला वेळ भरपूर मिळतो.

मध्येच एक गोष्ट घडली. तीन फिल्टर वापरून आवाजाला 'आ'काराचा आकार देता येतो, असं वाचलं होतं. आकडे बदलत बदलत एका दुपारी स्पीकरमधून कुणीतरी बाई 'आ' म्हणाली. माझा आवाज नव्हता तो, कुणाचाच नव्हता, पण घरात बाई बोलली. नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजली. उरणच्या बाजूनं येणारी, आमच्याकडे नेहमी मासळी देणारी कोळीण दारात उभी होती. टोपली उतरवायच्या आधीच ती आत डोकावली.

"ताई, पावनी आल्यात काय घरान? गाना कोन म्हनतंय?"

मी मान हलवली आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "कुणी नाही. मशीन आहे."

"मशीन नाय गो, बाई हाय," ती म्हणाली आणि पाटावर बसून बोंबील निवडायला लागली. "बरा झाला. तू येकटीच असतस."

ती गेल्यावर मी ते फिल्टर काढून टाकले. परक्या बाईचा गळा घरात ठेवून तिच्याकडून गाऊन घ्यायचं, ते मला सोसलं नाही. त्यापेक्षा हार्मोनियमच्या पत्तीसारखा साधा, थोडा नाकातला आवाज बरा वाटला. वाद्याचा आवाज म्हणून तो चालेल, असं मी ठरवलं.

तरी काहीतरी चुकत होतं. बोट पट्टीवर असेपर्यंत सूर चालूच राहायचा. मी तास न् तास आलापी करायचे आणि ती संपायचीच नाही. गाताना श्वास संपतो, म्हणून ओळ संपते, म्हणून षड्जावर यावंसं वाटतं. इथं संपायला काही कारणच नव्हतं. मग श्वास जोडायचं ठरवलं. हवेचा दाब मोजणारा बोटाच्या पेराएवढा सेन्सर मिळतो, त्याला छोटं तोंड असतं. त्यावर सलाइनची नळी फिट्ट बसली. नळीचं दुसरं टोक ओठांत धरून फुंकलं की आवाज उठायचा, फुंकर कमी केली की विरायचा.

यातही गंमत झाली. नळी पुढे बंद होती, त्यामुळे हवा कुठंच जायची नाही. गाल फुगवून मी एकच सूर कितीही वेळ धरू शकत होते आणि छाती मात्र भरलेलीच राहायची, गुदमरल्यासारखी. बऱ्याच विचारानंतर लक्षात आलं की इथं श्वास खर्चच होत नाहीये. सुई गॅसवर तापवली आणि नळीला एक भोक पाडलं. आता फुंकलेली हवा भोकातून निसटायची. दम संपायचा, सूर थांबायचा, मला श्वास घ्यावा लागायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा भूपाची एक ओळ सुरू केली आणि ती आपोआप संपली. मी नळी तोंडातून काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत राहिले. रडू आलं होतं आणि घरात कुणी नसताना रडायची मला लाज वाटते.

वाद्य झालं. आता ते ऐकवायचं कुणाला? नवऱ्याला एकदा फोनवर वाजवून दाखवलं. "रेडिओ लावलायस का? जरा बंद कर ना, मला टकटक ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. मी बंद केलं. खारघरच्या विद्यार्थिनीनं हौसेनं बोलावलं, तिच्या क्लासमधल्या मुलांसमोर वाजवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका आईनं, "हे ॲपवर डाउनलोड होतं का?" असं विचारलं. विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, किती सुंदर," ती म्हणत राहिली. मला माहीत होतं की मधे एक तान पार फसली होती. तिलाही ते कळलं असणार, कान तयार होता तिचा. पण आवाज गेलेल्या बाईला कोण सांगणार?

ऑपरेशन झाल्यापासून हे असंच चाललं होतं. माझं सगळंच सगळ्यांना छान वाटायचं.

राहता राहिल्या बाई. जुन्या पनवेलात राहायच्या, माझ्या गुरू. लहानपणापासून लग्न होईपर्यंत आणि नंतरही कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. फार कडक. आवाज गेल्यावर मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं होतं. त्यांनी जे घडवलं तेच गेलं, तर काय तोंड घेऊन जायचं, असं वाटायचं. शिवाय त्यांना आता फार कमी ऐकू येतं, असंही कानावर आलं होतं. म्हणजे मला बोलता येत नाही आणि त्यांना ऐकू येत नाही. तरी एका सकाळी फळी, बोर्डाचा डबा, सूरपेटी आणि छोटा स्पीकर कापडी पिशवीत घालून मी निघाले.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. बाई खिडकीजवळ खाटेवर बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"इतक्या दिवसांनी?" त्या म्हणाल्या. "मेले की काय मी?"

मी पाया पडले आणि काहीतरी बोलायला गेले.

"ऐकू येत नाही. तू बोलू नकोस, मीही काही विचारत नाही. पिशवीत काय आहे?"

मी सगळं खाटेवर मांडलं. बोर्ड, तारा, फळी, नळी. बाईंनी तारांकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांच्या बिछान्यावर मासळीची टोपली ओतली होती. मी सूरपेटी लावली, नळी तोंडात धरली आणि सा वाजवला. बाईंनी हातानंच थांबवलं. कानातलं यंत्र काढून त्यांनी उशीखाली ठेवलं. "यातून सूर ऐकू नये, भांडी पडल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. मग माझा स्पीकर उचलून त्यांनी स्वतःच्या डाव्या कानाला लावला आणि सूरपेटी मांडीवर ओढून घेतली.

"भूप," त्या म्हणाल्या.

मी भूप सुरू केला. सा, रे, ग. रिषभावरून गंधारावर आले आणि तिथं थांबले, श्वास पुरेल तितकं. बाईंचे डोळे मिटलेले होते. सून दारात उभी राहून बघत होती.

"गंधार चढा आहे," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा लावला.

"चढा. ऐकतेयस ना? तंबोऱ्याला टेकत नाहीये. टोचतोय."

मी बोट किंचित खाली सरकवलं. सूर हलला नाही, तिथंच राहिला. मला कारण लगेच कळलं. बोट थरथरतं म्हणून मी प्रोग्राममध्ये अशी सोय करून ठेवली होती की पट्टीवर बोट आसपास कुठंही पडलं, तरी सूर जवळच्या पक्क्या जागेवर जाऊन बसावा. त्या पक्क्या जागांचे आकडे मी इंटरनेटवरून जसेच्या तसे उचलले होते. ते पियानोचे होते, सगळी अंतरं सारखी वाटून दिलेली. त्या वाटणीत शुद्ध गंधार थोडा चढाच असतो. इतके महिने मी रोज तो चढा गंधार वाजवत होते. माझ्या कानाला तो टोचलाही असेल, पण यंत्र बरोबरच असणार असं धरून मी कानाला गप्प केलं होतं.

"बहिरी मी आहे की तू?" बाई म्हणाल्या.

मला हसू आलं. हसताना माझ्या घशातून जो फुस्स आवाज निघतो तो निघाला, आणि हसता हसता डोळे भरून आले. तीन वर्षं होत आली होती मला कुणी चूक सांगून. बाईंना वाटलं मला लागलं.

"रडतेस काय? घरी जा आणि दुरुस्त कर. मंगळवारी ये."

घरी आल्यावर आधी गंधाराचा आकडा बदलला. मग धैवताचा. मग मनात आलं, मुळात जागा बांधल्याच कशाला? ती सोय पूर्ण काढून टाकली. आता बोट जिथं पडेल तिथंच सूर. आणि बोट कुठंही पडायला लागलं. जे दोन दिवसांपूर्वी सफाईनं वाजत होतं ते आता नवशिक्यासारखं बेसूर वाजायला लागलं. मी हेडफोन काढले आणि नवशिक्या मुली करतात तेच केलं, सकाळी उठून सा धरायला बसले.

मंगळवारी गेले. मग दर मंगळवारी. बाई स्पीकर कानाला लावून बसायच्या, चूक झाली की माझ्या गुडघ्यावर बोटानं टकटक करायच्या. "इथं श्वास तोडलास." "घाई कुणाची आहे?" "ही मींड जिन्यावरून पडल्यासारखी." कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही. बोर्ड काय आहे, आवाज कुठून येतो, हेही कधी विचारलं नाही. एकदा फक्त नळीचं भोक पाहून म्हणाल्या, "हे फाटलंय." मी खुणेनं सांगितलं की मुद्दाम पाडलंय, श्वास संपावा म्हणून. त्यांनी ती नळी बोटांत फिरवत बराच वेळ धरून ठेवली.

हे वर्षभर चाललं असेल. मग बाईंचा मुलगा कोल्हापूरला बदलून गेला आणि बाईंना बरोबर घेऊन गेला. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा मी तिथं होते. बाई गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. फोनवर त्यांना ऐकू येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे फोन करत जा, असं आम्हा दोघींपैकी कुणी म्हणालं नाही. "मारवा राहिला," त्या म्हणाल्या. "तो एकटीनं बसवता येतो. बसव." गाडी निघाली. मी चालत घरी आले. वाटेत मंडईत थांबून मेथीची जुडी घेतली, एका माणसाला किती लागते याचा अंदाज इतक्या वर्षांत मला कधीच आला नव्हता, तशीच जास्त घेतली.

पुढे दोन वर्षांनी बाई गेल्याचं त्यांच्या सुनेनं कळवलं. शेवटी शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं म्हणे.

माझा नवरा दर वर्षी रजेवर येतो. मी वाजवायला बसले की तो बाजूला पेपर वाचत बसतो आणि मधेच "छान" म्हणतो. चांगला माणूस आहे. त्याला सुरातलं काही कळत नाही आणि कळतं असं तो दाखवतही नाही, हे मला बरं वाटतं. तो जहाजावर परत गेला की घर पुन्हा माझ्या ओळखीचं होतं. दुपारी जेवण झाल्यावर मी सूरपेटी लावते, नळी ओठांत धरते. मारवा मी बाई कोल्हापूरला गेल्या तेव्हाच घ्यायला लागले होते. त्यातला कोमल रिषभ अजून मनासारखा लागत नाही. कधी उतरतो, कधी चढतो. चढा आहे की उतरा, ते आता माझं मलाच ठरवावं लागतं, आणि बऱ्याचदा खात्री वाटत नाही.